उतारावर उतारा

तांबडमाळच्या शाळेपुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. वडूजच्या अंगानं आलेले टेम्पो वेशीतच अडकून पडले होते, पोरं शाळेच्या कंपाउंडावर चढून बसली होती आणि मांडवातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पुढचं बघत होत्या. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर मात्र कागदांच्या पिशव्या होत्या. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवई उठली होती, 'सॅटेलाईटनं आपल्या गावाचा उतारा दिलाय'. सातबाराचा उतारा हेलपाटे न घालता थेट आभाळातून मिळणार असेल, तर घरी कोण बसेल?

सांगलीच्या एसटीतून उतरलेली सोनिया लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून गर्दीत घुसली. ती मेंढपाळाच्या घरातली, धोंडुबाईची नात. विश्रामबागच्या एका कॉलेजात भूगोलाचं एम.एस्सी. करत होती. तिच्या घरात भूगोल पायांनी शिकायची रीत. खुर्चीत बसून शिकणारी ही पहिलीच. सकाळी भावाचा, मल्हारचा फोन आला होता, "सोने, तुझ्या नकाशानं गावात दंगा उडवलाय. म्हाराजांनी त्येचा फ्लेक्स लावलाय. लगोलग निघ!" फ्लेक्स म्हटल्यावर ती हरखली आणि थोडी लाजलीही. आपल्याकडं वाढदिवस आणि निवडणूक सोडून कशाचा फ्लेक्स लागतो?

मांडवात समतोलनाथ महाराज बसले होते. तुकतुकीत चेहरा, भगवं उपरणं आणि कानाला चिकटलेला माईक. त्यांच्या आसनापुढं दोन बांबू जमिनीलगत सुरू होऊन पलीकडं विटांवर टेकवलेले, म्हणजे चढत गेलेले. शिष्यानं रेशमी फडक्यातून एक लाकडी वस्तू काढली. दोन भोवरे तोंडाला तोंड लावून चिकटवावेत तशी. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. तिचं नाव चैतन्यगोटा.

"बोला भक्तहो, हा गोटा कुठं जाईल?"

"खाली!" पोरं ओरडली.

"खाली जातो तो पुस्तकातला गोटा. इथं चैतन्य आहे, चैतन्य!"

गोटा बांबूंच्या खालच्या टोकाला ठेवला आणि शिष्यानं दोन्ही हात वर केले. धक्का नाही, दोरा नाही, फुंकरही नाही. गोटा जरा थरथरला आणि निमूट चढाला लागला. गडगडत पार वरच्या टोकाला जाऊन थांबला. मांडवानं एकसुरात 'आगं बया' केलं.

"चढाचा उतार झाला! का झाला?" महाराजांनी आवाज चढवला. "कारण या गावची जमीन आडवी राहिलेली नाही. उभी राहिली आहे! व्हायब्रेशन बिघडलं आहे!"

"उबी?" विहिरी खणणारा ज्ञानू पुढच्या रांगेतून म्हणाला. "म्या तर रोज तिच्यावर आडवा हुतोय."

"वरून सपाट, आतून उभी. तुझ्या डोळ्याला वरचं दिसतं, सॅटेलाईटला आतलं दिसतं. पुरावा पाहिजे? काढा पडदा!"

पडदा निघाला. वर महाराजांचा हसरा फोटो, खाली सरपंच ऋषिराज आणि मित्रमंडळाचे गोल गोल चेहरे, आणि मधोमध लालभडक नकाशा. त्याला झेंडूचा हार घातलेला, हळदकुंकू वाहिलेलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'गावाचा उतारा ८९ अंश'.

सोनिया गर्दीतून आणखी पुढं सरकली. नकाशा तिचाच होता, आयुष्यातला पहिला. उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची चौकोनाचौकोनानं फुकट मिळते. नकाशाच्या सॉफ्टवेअरला ती खाऊ घातली की ते प्रत्येक चौकोनाची उंची शेजारच्यांशी ताडून बघतं आणि तिथं उतार किती ते सांगतं. तिनं बटण दाबलं, लालभडक चित्र उमटलं आणि त्या रंगाच्या आनंदात तिनं ते घरच्या ग्रुपवर टाकलं, 'माझा पहिला नकाशा! आपल्या गावाचा उतार'. मल्हारनं तो गावच्या ग्रुपवर ढकलला. पुढं कुणीतरी 'उतार'ला एक काना वाढवून 'उतारा' केलं, आणि शेजारच्या गावात मुक्कामाला असलेल्या महाराजांना घरबसल्या चमत्कार मिळाला.

"हा सातबाराचा उतारा नव्हे," महाराज म्हणाले तशा पुढच्या रांगेतल्या पिशव्या हिरमुसून मांडीखाली गेल्या. "दृष्ट लागली की चव्हाट्यावर दहीभात-लिंबाचा ठेवतात ना, तो हा उतारा! सॅटेलाईट तोच मागतंय. एकोणनव्वद अंश म्हणजे भिंत. एका मोठ्या पावसात अख्खं गाव घसरून ओढ्यात जाईल. उताराला काय पाहिजे?"

"उतारा!" शिष्य गरजला, आणि मग अख्खा मांडव.

"पण तो ठेवायचा कुठं? सगळी जमीन उभी, आणि एकच जागा निजलेली." महाराजांची काठी नकाशावर फिरत फिरत एका इवल्याशा हिरव्या चौकोनावर थांबली. "हे घर कुणाचं?"

 एकेक मान मागं वळली आणि खांबाला टेकून बसलेल्या धोंडुबाईवर जाऊन थांबली.

"तिथं आमचं समतोलपीठ होईल. उद्या सकाळी गावानं ठराव करावा, घर रिकामं करून द्यावं."

सरपंच ऋषिराज फौजेतून आलेला, माणूस सरळ. पण हुकूम ऐकायची सवय अंगात मुरलेली. त्यानं हात जोडले. धोंडुबाई काठी टेकत उठली. "गाव वाचत आसंल तर घ्या," एवढंच म्हणाली आणि डोईवरचा पदर सारखा करत चालू लागली.

सोनिया घरी पोचली तेव्हा म्हातारी भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसली होती. पक्क्या विटांची भिंत, वर चुना. धोंडुबाईचा जन्म पालात झाला, लग्न माळावर झालं, पोरं वाटेत झाली. दरसाल घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं, मेंढरांमागं कोकणापर्यंत चालायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. नवरा गेल्यावर पोरांनी हे घर बांधलं. तेव्हापासून तिचा एकच नाद, दुपारी भिंतीला पाठ लावून बसायचं.

"आज्जे, तू व्हय का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? माज्या एकटीच्या भिताडापायी गाव ओढ्यात घालू व्हय?" म्हातारीनं भिंतीवरनं हात फिरवला. "पालाला भित नसती गं. आंग टेकलं की कापड मागं जातंय. हितं पैल्यांदा कुणीतरी मागं उबं हाय आसं वाटलं." ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "आन् तुज्या नकाशातच तसं आलंय म्हनत्यात. तू शिकलेली. तुजं खोटं कसं आसंल?"

हे वाक्य सोनियाला महाराजांच्या सगळ्या प्रवचनापेक्षा जोरात लागलं. ती अंगणात आली, लॅपटॉप उघडला आणि आपलाच नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला. गाव लाल, माळ लाल, डोंगर लाल. गावतळं? तेही लालच. तळ्यातलं पाणी एकोणनव्वद अंशात भिंतीसारखं उभं आणि त्यात म्हशी डुंबताहेत! तिला रडू यायच्या बेतात होतं, तिथं हसू फुटलं. तिनं कॉलेजात सयाजी सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कशात मोजलंस?"

"मीटरमध्ये, सर."

"उंची मीटरमध्ये. आणि आडवं अंतर?"

सोनियानं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आडवं अंतर अक्षांश-रेखांशात होतं. एका चौकोनापासून दुसऱ्यापर्यंत तीसेक मीटर, पण अंशात लिहिलं की तोच आकडा शून्याच्या पार जवळ घरंगळलेला, चिमूटभर. सॉफ्टवेअर बापडं आकड्याला आकडा लावत बसलं. चिमूटभर पुढं आणि एक मीटर वर म्हटल्यावर त्याला सगळीकडं कडाच दिसणार, मोजणीत मीटरभर इकडंतिकडं झालेल्या तळ्याच्या पाण्यातसुद्धा.

"पहिल्या नकाशाला सगळ्यांचं हेच होतं," सर म्हणाले. "माझ्या पहिल्या नकाशात सांगली उभी राहिली होती, कृष्णेसकट. फरक इतकाच की मला कुणी हार घातला नाही."

"पण सर, आता गावापुढं सांगायचं म्हणजे..."

"म्हणजे 'चूक माझी' म्हणायचं. तेवढं जमलं तर बाकीचं सोपं आहे."

सकाळी मांडव पुन्हा भरला. महाराजांपुढं नारळांचा ढीग, सरपंचापुढं ठरावाचा कागद. कागदावर सह्या सुरू व्हायच्या आत सोनिया उभी राहिली. मल्हारनं शाळेतला मोठा टीव्ही वर्गातून उचलून आणून टेबलावर ठेवला होता. 

"त्यो नकाशा मी काढलाय," ती म्हणाली. "आन् त्यो चुकलाय. चूक माजी हाय."

मांडवात कुजबुज झाली. महाराजांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "ऐकलंत? पोरगीच म्हणते मी चुकले! अर्धवट विद्या, भक्तहो, अर्धवट विद्या! यंत्राचं बरोबर आहे, यंत्र चुकत नसतं."

"यंत्राला इचारलं तसं त्येनं सांगितलं. मी इचारलं चुकीचं." तिचा आवाज आता ठरला होता. "ज्ञानूमामा, तुमी विहीर खणताय. मी म्हणलं पाणी पाचावर लागलं, तर तुमी काय इचाराल?"

"पाच काय ते इचारीन की. पाच हात का माणूसभर खोलीचं पाच परस? न्हाईतर मरायचो की गं खणून."

"मी त्येच इचारलं न्हाई. बगा, हितनं गावतळं अदमासे पाव कोस. तेवढ्यात जमीन चढली शंभर बोटं. आता कोस काढून टाका, बोटं बी काढून टाका, नुसतं आकडं ठेवा. पाव पुढं, आन् शंभर वर. काय झालं?"

ज्ञानूनं हवेत बोटानं रेघ ओढून पाहिली. ती सरळ वर गेली. "आयला, ही तर भितच झाली! आवं, पर ह्यो सगळा घोळ कोस आन् बोटांचा हाय."

"सगळा त्येवढाच हाय."

"स्थूल बुद्धी!" महाराज हसले. "सॅटेलाईट आतलं पाहतं, बाळ. आतली जमीन उभी आहे."

"सॅटेलाईटनं वरनंच मोजलंय, म्हाराज. आतलं त्येला दिसत न्हाई. तरी तुमचंच खरं धरू." तिनं टीव्हीवर नकाशा सरकवला. "ह्यात आपला अख्खा मुलूख हाय. कालच्याच चुकीच्या हिशेबानं बगू. ही गावची म्हसरं डुंबत्यात ते तळं. अंश एकोणनव्वद."

"म्हसरं पडंनात कशी रं?" मागनं कुणीतरी विचारलं आणि पोरं फिदीफिदी हसली.

"आन् ह्यो नदीकाठचा म्हाराजांचा मठ." लाल. नुसता लाल नव्हे, मिरचीसारखा लाल. "एकोणनव्वद अंश. म्हाराज, तुमी इतकी वर्सं भिताडाला चिकटून कसं बसला?"

मांडव एकदम फुटला. पुढच्या रांगेतले म्हातारे पिशव्या छातीशी धरून हसत होते. सरपंच ऋषिराजनं मिशीवर हात ठेवून हसू दाबलं, पण ते खांद्यांतून बाहेर पडलं.

सोनियानं आडवं अंतर मीटरमध्ये बदललं आणि पुन्हा बटण दाबलं. लाली ओसरली. गाव फिकट हिरवं, माळ हिरवा, एक डोंगर तेवढा तांबूस. "सरपंचदादांचं घर, उतार दोन अंश. ज्ञानूमामांचं, एक. आज्जीचं, शून्य."

"शून्य!" महाराजांनी धागा पकडला. "निजलेली जागा! आम्ही काय म्हणत होतो?"

"तिच्या आसपासच्या चौकोनांचं उंचीचं आकडं सारखं आलं, म्हणून शून्य. चिंचोक्यांचा डाव मांडल्यावर दोन पोरींचं दान सारखं पडावं, तसं. एक आन् शून्यातला फरक म्हंजी आमच्या उंबऱ्याएवढा. त्येच्यासाठी घर घ्यायचं?"

महाराजांच्या कपाळावर आता घाम होता, पण पट्टीचा माणूस असा सहजी हटत नाही. त्यांनी शिष्याला खूण केली. "नकाशा मरू दे. हा गोटा चढतो तो का चढतो? सांग! चढव बघू तुझ्या लॅपटॉपनं!"

गोटा पुन्हा ठेवला, पुन्हा चढला, पण या वेळी 'आगं बया' जरा बारीक आलं. सोनिया बांबूंजवळ जाऊन उकिडवी बसली. खालच्या टोकाला बांबू जवळजवळ होते आणि वर जाता जाता फाकत गेलेले. काल आरडाओरड्यात तिनं ते पाहिलंच नव्हतं.

"आज्जे, तुझी काठी दे."

पण काठी द्यायच्या ऐवजी धोंडुबाई स्वतःच पुढं आली. जन्मभर मेंढरांना वाट दाखवलेली बाई ती. फाकलेली वाट तिला लगेच दिसली. तिनं काठीनं वरचं बांबूचं टोक आत ढकललं, मग दुसरं ढकललं. दोन्ही बांबू आता सारख्या अंतरावर आले. चढ होता तसाच होता. "आता सोड म्हनावं," ती म्हणाली.

शिष्यानं महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी आभाळाकडं पाहिलं. शेवटी मल्हारनंच गोटा उचलून मधोमध ठेवला आणि हात काढला. चैतन्य कुठं गेलं कोण जाणे! गोटा शहाण्या पोरासारखा उताराला लागला, गडगडत खाली आला आणि थेट महाराजांच्या मांडीत जाऊन बसला.

हशा विरेना. सोनियानं बांबू पुन्हा फाकवले आणि पोरांना जवळ बोलावलं. "त्याच्या पोटाकडं बघा, बांबूकडं बघू नका. बांबू जवळ हायत तवा गोटा पोटावर बसतोय, म्हणून उंच. बांबू फाकलं की त्यो टोकांवर लोंबतोय आन् पोट मधल्या फटीत खाली जातंय. बांबू चढत्यात थोडं, पोट उतरतंय त्येच्यापेक्षा जास्त. म्हंजी त्यो चढत न्हाई. उतरतच असतोय, आपल्याला चढल्यागत दिसतंय." एका पोरानं फूटपट्टी आणली. चढायच्या आधी पोट जमिनीपासून किती आणि नंतर किती, ते मोजलं. नंतरचं कमी भरलं. पोरानं ते महाराजांच्याच माईकमध्ये ओरडून सांगितलं.

सरपंच ऋषिराजनं ठरावाचा कागद उचलला आणि शांतपणे दोन तुकडे केले. "म्हाराज, टेम्पो वेशीत उबा हाय. नारळ घेऊन जावा. चढबिढ न्हाई वाटंला, आरामात पोचशिला."

"आम्ही कधी चुकत नाही," उपरणं सावरत महाराज पुटपुटले. "काळच ठरवील!"

"आमची पोर चुकली आन् तिनं सुदारलं," धोंडुबाई म्हणाली. "तुमी चुकतच न्हाई म्हनताय, मग सुदारणार कवा?"

 महाराजांचं उपरणं वेशीकडं जाताना दिसलं, आणि मागं शिष्य रेशमी फडक्यात गोटा गुंडाळत पळाला. पोरांनी तोवर गोट्याचं माप काढून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात शाळेत तसे बरेच गोटे चढू लागले.

माणसं उठायच्या आधी सोनिया पुन्हा बोलली. भाषण करायचं तिच्या मनात नव्हतं, पण काल म्हातारीनं भिंतीवरून हात फिरवला तो तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. "देवाला नमस्कार करायचा त्येनं करावा, मी आडवायला आले न्हाई. पर कुणी भ्या घालाय लागलं, का चमत्कार दावाय लागलं, तर हात जोडायच्या आदी एक इचारा: कशात मोजलं? म्हाराजाला इचारा, कॉम्प्युटरला इचारा, मला बी इचारा. मला कुणी इचारलं आसतं तर काल माजी आज्जी घर सोडाय निघाली नसती." एवढं बोलून ती खाली बसली.

प्रश्न म्हटलं तर साधा आहे. विचारायला शिक्षण लागत नाही, लॅपटॉप लागत नाही, फक्त तोंड उघडावं लागतं. आपल्याकडं आकडा दिसला की माणसं पाया पडतात, आणि सॅटेलाईट म्हटलं की डोळे मिटतात. महाराज लोकांचा धंदा त्या मिटलेल्या डोळ्यांवरच चालतो. तांबडमाळनं मात्र तो प्रश्न चांगलाच मनावर घेतला. आता तिथं कुणी 'माझा बैल गावात एक नंबर' म्हणाला, की पारावरनं आवाज येतो, "कशात मोजला रं?"

फ्लेक्स वाया गेला नाही. धोंडुबाईनं तो उलटा करून कोकरांच्या खोपटावर टाकला, आणि महाराजांचा हसरा चेहरा तेव्हापासून आतल्या कोकरांकडं बघत असतो. सांगलीला निघायच्या आधी सोनियानं नवा नकाशा छापून आणला आणि म्हातारीच्या भिंतीवर चिकटवला. म्हातारीनं तो डोळे बारीक करून पाहिला.

"ह्यात माजं घर कुटं?"

"हे बग, हिरवं. उतार शून्य."

"शून्य," धोंडुबाई म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून तिनं पाय पसरले. "कशात मोजलं गं?"

"मीटरमधी, आज्जे. उबं बी मीटरमधी, आन् आडवं बी."

"मग बरोबर आसंल," म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.